रेल्वे वर्कशॉपची अप्रेंटिसशिप घेऊ की चाकणची कंपनी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही करमाळ्याकडचे, वय 22, फिटर ट्रेडचं दोन वर्षांचं आयटीआय झालेलं. मुंबईतल्या रेल्वे वर्कशॉपच्या एक वर्षाच्या अप्रेंटिसशिपच्या यादीत नाव लागलंय. त्याच वेळी चाकणला ठेकेदारामार्फत महिना 18 हजारांचं काम चालून आलंय. घरचे म्हणतात रेल्वे सोडू नको, मित्र म्हणतो अप्रेंटिसशिप म्हणजे वर्ष फुकट. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की रेल्वेगाड्या बांधणं-दुरुस्त करणं यात खरंच करिअर आहे का, आणि चष्मा चालतो का. चष्म्याचं शेवटी सांगतो.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. रेल्वेत 31 वर्षं काढली. सुरुवातीची आठ वर्षं कॅरेज वर्कशॉपच्या बोगी शॉपमध्ये, मग पंधरा वर्षं पिट लाइनवर, म्हणजे खाली उतरून गाड्या तपासायला खड्डा असलेल्या रुळांवर, शेवटची आठ व्हील शॉपमध्ये. सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे सांगतोय ते डबे, चाकं आणि ब्रेक यांच्या बाजूचं. इंजिनांच्या शेडमधला माणूस काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवू. घरच्यांना वाटतंय की अप्रेंटिसशिप म्हणजे रेल्वेत नोकरी लागली. तसं नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली रेल्वे तुम्हाला एक वर्ष शिकवणार, विद्यावेतन देणार, शेवटी ट्रेड टेस्ट आणि प्रमाणपत्र. वर्ष संपलं की तुम्ही मोकळे आणि रेल्वेही मोकळी. फायदा एवढाच की लेव्हल 1 च्या म्हणजे हेल्परच्या भरतीत 20 टक्के जागा अशी अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. त्यासाठीही लेखी परीक्षा आहेच. टेक्निशियन ग्रेड 3 ची परीक्षा तर तुम्ही आज आहे त्या आयटीआयवर देऊ शकता, अप्रेंटिसशिप त्याला आवश्यक नाही. म्हणजे तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. निव्वळ नोकरीची चिठ्ठी म्हणून बघाल तर हे वर्ष महागात पडेल, विद्यावेतनात मुंबईत खाऊन-पिऊन खोलीभाडं निघणं कठीण.

उरलेला अर्धा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: हे काम तुम्हाला झेपेल का, आवडेल का? आणि हे कळायला वर्कशॉपच्या आत एक वर्ष उभं राहण्यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही.

आत काय असतं ते सांगतो. पहिल्याच दिवशी तुम्हाला एक शब्द नव्याने शिकावा लागेल. आपल्याकडे सगळे डब्याला बोगी म्हणतात, ‘एस फोर बोगी कुठे येते हो?’ वर्कशॉपमध्ये असं बोललात की लोक हसतात. तिथे बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा सांगाडा, एका डब्याला दोन. ओव्हरहॉलला आलेला डबा क्रेनने उचलून दोन्ही बोगी खालून काढून घेतात. मग बोगीची फ्रेम गरम कॉस्टिकच्या टाकीत जाते. काळं ग्रीस, गंज, ब्रेक ब्लॉकची भुकटी सगळं सुटतं आणि बाहेर येतो तो नागडा लोखंडी सांगाडा. खरं काम इथून सुरू होतं.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट. अशीच एक फ्रेम स्टँडवर होती. मी बॅटरी मारून पाहिली, रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहिलं. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, काही बोलले नाहीत. त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं, ब्रेक हँगरच्या ब्रॅकेटचा वेल्ड चोळून काढला, कोरडा पुसला आणि वर खडू घासला. मग बिडी ओढायला गेले. पाच-दहा मिनिटांनी परत आलो तर पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली काळपट रेष उमटली होती. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढलं होतं. मामा म्हणाले, ‘साहेब, लोखंड खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगत पण नाही.’ आता त्यासाठी तीन स्प्रेचे छोटे डबे येतात: साफ करायचा, लाल रंगाचा आणि वरून मारायचा पांढरा. अॅक्सलसाठी, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यासाठी, अल्ट्रासोनिक तपासणी आहे. तत्त्व तेच. आणि लक्षात घ्या, मामा दहावी नापास होते.

फिटर म्हणून तुमच्या वाट्याला जे येईल ते असं बारीक असतं. स्प्रिंगच घ्या. प्रत्येक कॉइल स्प्रिंग ठरावीक वजनाखाली दाबून तिची उंची मोजतात आणि उंचीप्रमाणे गट पाडून रंगाची पट्टी मारतात. एका बोगीत एकाच गटाच्या स्प्रिंगा घालायच्या. वेगळा रंग सरमिसळ झाला की डबा एका अंगाला कलतो आणि मग पिट लाइनवाले तुमच्या नावाने बोटं मोडतात. चाकाचंही तसंच. आमच्या ब्रॉड गेजच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, पण एका अॅक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 1600, त्यात वर दोन आणि खाली एक मिलिमीटर एवढीच सूट. नवं चाक 915 मिलिमीटर व्यासाचं. झिजलं की लेथवर कातायचं, आणि कातल्यावर एकाच अॅक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. चाक लहान झालं की डबा खाली बसतो, मग पॅकिंग देऊन बफरची, म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का सोसणाऱ्या भागाची, उंची पुन्हा जुळवायची, कारण ती 1030 ते 1105 मिलिमीटरमध्येच हवी. एका ठिकाणी केलेलं काम दुसऱ्या ठिकाणी जाऊन उठतं. ही साखळी ज्याच्या डोक्यात बसली तो या धंद्यात टिकतो. ज्याला ती कटकट वाटते तो दोन वर्षांत टेबलवर्क मागायला लागतो.

चाकणच्या लाइनवर काम वाईट असतं असं मी म्हणणार नाही, माझा पुतण्या तिथेच आहे आणि चांगला आहे. पण लाइनवर तुमच्यासमोर नवा भाग येतो, ठरलेल्या टॉर्कने तो बसवायचा, पुढचा. दुरुस्तीत प्रत्येक डबा वेगळा आजारी असतो.

आता जबाबदारीचं. पिट लाइनला बदली झाल्यावर दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. गाडी पहाटे सुटायची होती. ब्रेक टेस्ट चालू होती. ब्रेक पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला 5 किलो हवेचा दाब, फीड पाइपमध्ये 6 किलो, दाब कमी केला की डब्याच्या ब्रेक सिलिंडरमध्ये 3.8 किलो यायला हवा. एका डब्यात हवा गळत होती. गळती नेमकी कुठली ते बघायला मी त्या डब्याचा डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह आयसोलेट करायला लावला, म्हणजे त्या डब्याचा ब्रेक बंद केला. गळती सापडली, होज बदलला, आणि हँडल पूर्ववत करायचं माझ्या डोक्यातून गेलं. गाडीचे किती टक्के ब्रेक चालू आहेत ते सांगणाऱ्या ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सही करायला पेन काढलं होतं. त्यावर 100 टक्के लिहायचं असतं, मेल-एक्सप्रेसला कमी चालत नाही.

आमच्यातला एक वयस्क फिटर, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, हातोडी घेऊन पुन्हा एकदा गाडीच्या शेवटापासून चालत निघाला. ब्रेक लागलेला असतो तेव्हा ब्लॉक चाकाला घट्ट चिकटतो, हातोडी मारली तर ठण्ण वाजतो. सुटा असेल तर खुळखुळतो. नवव्या डब्याशी तो थांबला. मला हाक मारली नाही, नुसता उभा राहिला. मी गेलो, हँडल बघितलं, आणि माझे पाय गार पडले. बाकीच्या डब्यांच्या ब्रेकवर गाडी थांबलीही असती कदाचित. पण सही माझी असती. त्या रात्रीनंतर मी सही करण्याआधी स्वतः पूर्ण गाडीची एक फेरी मारायचो, निवृत्तीपर्यंत. थंडीत, पावसात, कंबर दुखत असताना. लोक म्हणायचे साहेबांना हौस आहे.

हे मुद्दाम सांगितलं. या क्षेत्रात पगार पदाप्रमाणे मिळतो, पण काम सहीप्रमाणे असतं. हेल्परपासून वरपर्यंत कुणी ना कुणी कशावर तरी सही करतो, निदान ‘मी बघितलं’ असं सांगतो, आणि त्याच्यावर विसंबून हजार-दीड हजार माणसं झोपतात.

पगाराचंही उघड बोलू. सातव्या वेतन आयोगात हेल्परचं मूळ वेतन 18,000, टेक्निशियन ग्रेड 3 चं 19,900, ज्युनियर इंजिनिअरचं 35,400, सीनियर सेक्शन इंजिनिअरचं 44,900 पासून. वर महागाई भत्ता, घरभाडं, प्रवास भत्ता, आणि बऱ्याच वर्कशॉपमध्ये इन्सेन्टिव्ह. टेक्निशियन आणि ज्युनियर इंजिनिअर यांच्यातली ही उडी नीट बघा, माझ्या सल्ल्याचं मूळ तिच्यात आहे.

वर्कशॉप आणि ओपन लाइन या दोन वेगळ्या दुनिया आहेत हेही आधी समजून घ्या. वर्कशॉपला भोंगा असतो. सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, बहुतेकदा दिवसपाळी. परळचं वर्कशॉप 1879 पासूनचं, माटुंग्याचं 1915 चं. अशा ठिकाणी तुमच्या हाताखालच्या व्हाइसला तुमच्या आजोबांच्या आधीच्या पिढीचे हात लागलेले असतात. तुमच्या जवळचं कुर्डुवाडीचं वर्कशॉप बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी अरुंद गेजसाठी उभं राहिलं, ते अजून चालू आहे. ओपन लाइन म्हणजे कारशेड, पिट लाइन, प्लॅटफॉर्म. तिथे गाडीच्या वेळापत्रकावर तुमचं जेवण ठरतं. गाडी स्टेशनात शिरताना दोन्ही बाजूंना उभं राहून चाकांचा आवाज ऐकायचा, लोंबणारं काही दिसतंय का बघायचं. चाकाला 50 मिलिमीटरपेक्षा मोठा चपटेपणा आला तर त्याची ठकठक कान ओळखतो. पूर्वी अॅक्सल बॉक्सला हाताची उलटी बाजू लावून गरमपणा बघायचो, आता तापमानाची बंदूक असते. आणि हो, बायोटॉयलेटच्या टाक्याही तुमच्याच डोक्यावर असतात. हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

शिकायला वर्कशॉप, घडायला ओपन लाइन, असं माझं मत. माझ्या बायकोचं मत विचाराल तर ती वर्कशॉपच म्हणेल.

पुढची वीस-तीस वर्षं हे काम राहील का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. माझ्या नोकरीतच जग दोनदा पालटलं. मी शिकलो ते आयसीएफचे डबे; चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतून त्या जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी 2018 मध्ये बाहेर पडला. त्यांच्या जागी आले एलएचबी, मूळ जर्मन. ब्लॉकऐवजी अॅक्सलवर डिस्क ब्रेक, चाक घसरायला लागलं की ब्रेक आपोआप सैल करणारी यंत्रणा, डबे जोडणारे वेगळे कपलर. तिकडे लोकलची कथा आणखी वेगळी. 1925 मध्ये बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. आता मुंबईत सगळीकडे 25 हजार व्होल्ट एसी आणि थ्री-फेज मोटरी. वातानुकूलित लोकल, वंदे भारत यांच्यात बिघाड झाला की आधी स्क्रीनवर कोड येतो. लॅपटॉप जोडता न येणारा माणूस तिथे मागे पडतो. माझ्यासारख्या हातोडीवाल्यांना पन्नाशीत हे शिकताना घाम फुटला, ते मान्य करतो.

पण चाक गोल लोखंडाचंच आहे. बेअरिंग अजून तापतं, स्प्रिंग अजून तुटते, वेल्डला अजून भेग जाते. कोड येतो ‘ब्रेकमध्ये दोष’ एवढाच; कुठल्या जोडातून हवा चाललीय ते साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणाराच शोधतो. म्हणून फिटरचं काम संपणार नाही, पण निव्वळ फिटर राहून चालणार नाही. मल्टिमीटर धरायला शिका, न्यूमॅटिक सर्किट वाचायला शिका. इलेक्ट्रिकलच्या पोरांशी मैत्री करा, ते चहाच्या बदल्यात शिकवतात.

आणि रेल्वे म्हणजे फक्त भारतीय रेल्वे असं धरू नका. मुंबई, पुणे, नागपूर तिन्हीकडे मेट्रो आहे आणि प्रत्येक मेट्रोला डेपो आहे, डेपोत मेंटेनर लागतात. मुंबईच्या मेट्रो 2ए आणि 7 च्या गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलच्या, मेट्रो 3 च्या अल्स्टॉमच्या, पुण्याच्या टिटागढच्या. देखभालीसाठी या कंपन्याही माणसं घेतात. बांधणीत जायचं असेल तर चेन्नई, कपूरथळा, रायबरेली हे मोठे डबे कारखाने, आणि आपल्याकडे लातूरचा मराठवाडा रेल कोच कारखाना. बांधणीत वेल्डरला जास्त मागणी, फिटरला थोडी कमी, हा माझा अंदाज नव्हे तर त्या कामाचा स्वभाव आहे: नवा डबा म्हणजे मुख्यतः पत्रा आणि वेल्ड.

इतकं सांगितल्यावर तुमच्या जागी मी काय केलं असतं?

ते घरावर अवलंबून आहे, आणि तुम्ही घराबद्दल फारसं लिहिलेलं नाही. कर्जाचा हप्ता तुमच्या 18 हजारांवर अडला असेल, बहिणीचं लग्न तोंडावर असेल, तर बिनधास्त चाकणला जा आणि तिथून टेक्निशियनच्या परीक्षेचा अभ्यास करा. त्यात कमीपणा नाही, रेल्वेची दारं बंद होत नाहीत. अप्रेंटिसशिपचा अर्ज पुढेही भरता येईल, पण त्याची वयोमर्यादा साधारण 24 आहे, तेव्हा हातात फार वेळ नाही हे ध्यानात ठेवा.

घर एक वर्ष ओढून नेऊ शकत असेल तर अप्रेंटिसशिप घ्या, पण नोकरीच्या आशेने नाही. मुंबईत कुणी मामा-आत्या असतील तर त्यांच्याकडे संकोच न करता पथारी टाका. वर्कशॉपमध्ये गेल्यावर अप्रेंटिसांना बऱ्याचदा झाडलोट, सामान वाहणं यात गुंतवतात. कुरकुर न करता ते करा, पण रोज अर्धा तास कुठल्या तरी जुन्या मिस्त्रीच्या मागे उभे राहा. ‘मामा, हे असं का?’ एवढंच विचारायचं. बोगी शॉप, व्हील शॉप आणि ब्रेक विभाग या तीन ठिकाणी पाळी लागावी म्हणून तुमच्या इन्स्ट्रक्टरला पहिल्या आठवड्यातच सांगा. एक छोटी डायरी ठेवा. त्यात मापं लिहा, गेज कसं धरतात त्याचं चित्र काढा. माझी पहिली डायरी अजून कपाटात आहे, ग्रीसचा वास येतो अजून.

आणि त्या वर्षानंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. आपल्या राज्यात दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय केलेल्यांना पॉलिटेक्निकला ती सोय आहे, अनेकांना ठाऊकच नसते. दोन वर्षांत डिप्लोमा, तेव्हा तुमचं वय पंचविशीच्या आसपास. मग ज्युनियर इंजिनिअरची परीक्षा. वरची ती 19,900 आणि 35,400 ची उडी इथे मिळते. मधल्या काळात टेक्निशियन म्हणून निवड झाली तर घ्या, आत राहूनही खात्यांतर्गत परीक्षा देऊन ज्युनियर इंजिनिअर होता येतं, त्यासाठी जागांचा ठरावीक वाटा असतो. माझ्या हाताखाली टेक्निशियन म्हणून आलेले दोघे पुढे माझ्या बरोबरीचे झाले. त्यातला एक मला रजिस्टरमधल्या चुका दाखवायचा.

एक सूचना, जी वर्गात कुणी गंभीरपणे सांगत नाही. गाडीखाली जाण्याआधी रुळावर लाल झेंडी किंवा रात्री लाल दिवा लागलाय आणि गाडीला त्या रुळावर वळवणारा सांधा कुलूपबंद आहे हे स्वतः पाहा. ‘मी बघितलंय, तू जा खाली’ असं सांगणारा तुमचा वरिष्ठ असला तरी. चिडेल, चिडू द्या. आणि कानात बोळे घाला. मी घातले नाहीत, म्हणून आता नात बोलते ते मला दोनदा विचारावं लागतं.

आता चष्मा. प्रत्येक पदापुढे जाहिरातीत वैद्यकीय श्रेणी छापलेली असते, अर्ज भरण्याआधी ती वाचा. असिस्टंट लोको पायलटला ए-वन लागते, तिथे चष्मा चालत नाही, तेव्हा तो नाद सोडा. वर्कशॉपच्या कामांना लागणाऱ्या बऱ्याच श्रेणींमध्ये ठरावीक नंबरपर्यंत चष्म्यासह चालतं. खरी अडचण येते ती रंग ओळखण्याच्या चाचणीत. ठिपक्यांमधला आकडा वाचायला लावतात. आमच्याकडे एक हुशार पोरगा लेखी परीक्षेत वरच्या नंबराने पास झाला आणि तिथे अडकला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला लाल-हिरव्यात फरक दिसत नाही. ही तपासणी करमाळ्यात कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत होते. मुंबईचं तिकीट काढण्याआधी ती करून घ्या.